‘कधीच बुडणार नाही असं क्षेत्र सांगा’

नमस्कार,

तुमचं पत्र मुलीच्या करिअरविषयी आहे, पण त्यात मुलगी फार थोडी आहे. महामारी, युद्ध, महागाई, एआय, हवामानबदल, यांनीच दोन पानं भरली आहेत. तिला कामगार कायदा शिकायचा आहे हे शेवटच्या ओळीत येतं, तेही ‘हे खूळ डोक्यातून काढा’ म्हणून. नोकरकपातीची प्रत्येक बातमी तुम्ही तिला पाठवता. कृपा करून हे थांबवा. बारावीतल्या मुलीला त्यातून शहाणपण येत नाही, धसका बसतो. आणि धसकलेलं मूल तुम्हाला बरं वाटेल तेवढंच बोलतं. तिच्या ७४ टक्क्यांची मला मुळीच काळजी नाही, या धसक्याची आहे.

आता तुमची मागणी. असं क्षेत्र नाही. २०२० मध्ये जगभरात बुडालेले कामाचे तास, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार, साडेपंचवीस कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके होते. विमानं थांबली आणि अनुभवी वैमानिक घरी बसले. त्याच काळात ऑनलाइन कंपन्यांनी धडाक्यात भरती केली. त्यांतल्याच मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजारांहून जास्त लोकांना एकदम काढलं. संकटं एकमेकांत गुंतून येतात, म्हणून एकात तरलेलं क्षेत्र पुढच्यात गोत्यात येतं. अशा वेळी माणसाच्या हाती उरतात त्या नोकरीच्या अटी: आजारपणात पगारी रजा आहे का, काढताना नोटीस आणि भरपाई मिळते का, धंद्यातला तोटा कोणाच्या माथी बसतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचे चालक स्वतंत्र व्यावसायिक नसून ‘वर्कर’ आहेत असं ठरवलं. गाडी तीच, काम तेच, पण किमान वेतनाचा आणि पगारी रजेचा हक्क मिळाला. तो खटला चालकांनी लढवला आणि कामगार कायदा जाणणारे वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले.

तुमची मुलगी नेमकं हेच शिकायचं म्हणतेय. उष्णतेच्या लाटेत काम कधी थांबवायचं, अल्गोरिदमने कामावरून काढलं तर दाद कोणाकडे मागायची, यांची उत्तरं अजून पुरती ठरलेली नाहीत. तिला खूळ लागलेलं नाही. तिने तुमच्याच बातम्या तुमच्यापेक्षा नीट वाचल्या आहेत.

वाट सरळ आहे: बारावीनंतर कायद्याची प्रवेश परीक्षा, किंवा आधी अर्थशास्त्राची पदवी आणि मग कायदा. सुरुवातीची काही वर्षं कमाई बेताची राहील. तेवढा काळ घर तिला किती आधार देऊ शकेल, हे तिच्याशी आकड्यांत बोला. बाकीच्या शंका तिने स्वतः लिहून पाठवाव्यात.