फोटोवरून मी सांगणार नाही

चिरंजीवास आशीर्वाद,

परवा रात्री साडेनऊला तुझा फोटो आला. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या पायवाटेला सापडलेल्या पाच-सहा पांढऱ्या छत्र्या, स्टीलच्या ताटात मांडलेल्या, आणि खाली एक ओळ : ‘बाई, ही अळंबीच ना? कांदा परतून झालाय.’ मी लिहिलं, ‘गॅस बंद कर.’ तुला राग आला. मोबाइलमधलं ॲप एक सांगतं, ग्रुपवरचे दादा दुसरंच सांगतात, आणि बाई तर काहीच सांगत नाहीत. मग शिकायचं कुणाकडून, असं विचारलंस. विचारलंस ते बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वर्षभर बघ, मग खा. माझ्याकडे एवढंच आहे. बाकी सगळं त्याच्याच पोटातलं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी हरसूलकडे असताना क्वार्टरमागच्या गवतातून अशाच छत्र्या मी आणल्या होत्या. शिजताना लसूण काळा पडला नाही म्हणजे अळंबी चांगली, असं कुणीतरी सांगितलेलं. लसूण पांढराच राहिला. दोन तासांत मी आणि सुट्टीला आलेला धाकटा भाऊ उलट्यांनी आडवे झालो आणि दोन दिवस सलाइनवर होतो. परत आल्यावर गवतात उरलेल्या छत्र्या पाहिल्या, तर खालचे पडदे हिरवट झाले होते. मी खुडल्या तेव्हा पांढरेशुभ्र होते. कळलं का, मी फोटोवरून का सांगत नाही ते? फोटोत एकच दिवस असतो. आणि लसूण, चांदीचं नाणं, किड्यांनी खाल्लेलं असणं, यांतलं काहीही विष ओळखत नाही.

आम्ही वाचलो, कारण ते विष लवकर बोललं. दुसरं एक असतं, ते सहा ते बारा तास, कधी चोवीस तासही गप्प बसतं. मग जुलाब-उलट्या होतात, मग जरा बरं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच आत यकृत निकामी होत असतं. उकळून, तळून, वाळवून ते जात नाही. चुकून कधी कुणी खाल्लंच, तर त्रासाची वाट न बघता उरलेली छत्री सोबत घेऊन दवाखाना गाठायचा.

वारुळावरची अळंबी वाळवी जमिनीखाली पोसते. तिचा देठ मुळासारखा लांब खाली वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. म्हणून ती शेतात लावता येत नाही, आणि म्हणून जाणत्या बायका छत्री नव्हे, जागा ओळखतात. कोणत्या वारुळावर, कोणत्या पावसानंतर, हे त्यांना आईकडून आलेलं असतं. तू देठ वरच्यावर मोडून आणलास. खाली काय होतं ते तुला माहीत नाही, मला तर नाहीच.

आता माझी चूक ऐक, ती याहून मोठी आहे. शाळेशेजारी एक कोकणा आदिवासी आजी राहायची. दर पावसाळ्यात म्हणायची, ‘बाई, चला डोंगरावर, दाखवते.’ मी म्हणायची, हजेरीपट लिहायचाय, परीक्षा आहे, पुढच्या आठवड्यात येते. इतक्या वर्षांत तीनदा गेले. ती एक पालेभाजी करायची, आंबूस, थोडी तुरट, नागलीच्या भाकरीबरोबर. ती भाजी मला शिजलेली आजही ओळखता येईल, रानात उभी मात्र ओळखता येत नाही. आजी गेली. तिच्या सुनेला विचारलं, तिलाही ती दाखवता आली नाही. लोक म्हणतात, बाई रानभाज्या दाखवायला सहली काढत नाहीत, ज्ञान दडवून ठेवतात. म्हणू देत. पन्नास जणांना एका रविवारी वीस भाज्या दाखवायच्या आणि त्यांनी सोमवारी त्या तोडून शिजवायच्या, हे माझ्याच्यानं होणार नाही. मी जेवढं जाणते तेवढंच दाखवते, आणि ते फार थोडं आहे.

तू फोडशी घे, पातीची ही पावसाळी रानभाजी. नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात पावसाळ्यात पेठ-त्र्यंबककडच्या बायका तिच्या जुड्या घेऊन बसतात. एक जुडी आण, घासाघीस करू नकोस. पाती सोडव, बुडाशी माती अडकलेली असते, ती दोन-तीन पाण्यांत काढ. मधला कडक पांढरा दांडा खेचला की सुटून येतो, तो टाक; तो राहिला तर भाजी दाताखाली दोऱ्यासारखी लागते. बारीक चिर. कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली मुगाची डाळ, मीठ. मसाला घालशील तर मला सांगू नकोस.

पण ही झाली बाजारातली. रानातली लगेच तोडायची नाही. एक जागा धर, जूनमध्ये पात येताना बघ, पांढरी फुलं बघ, बी बघ, दिवाळीनंतर ती जमिनीत नाहीशी होते तेही बघ. शेजारीच रानकांद्याची पात असू शकते, आणि रानकांदा विषारी आहे. फुलावर आल्यावर दोन्ही वेगळी कळतात. नुसत्या पातीवर तू फसशील. मीही फसेन. आणि कंद उपटू नकोस, कुणाचाच. अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक जात आहे, तिला नावही त्याच डोंगराचं आहे, ती फार दुर्मीळ आहे. तिथे कुदळ घेऊन जाणाऱ्याशी मी बोलत नाही.

वर्षभर एकच भाजी म्हणजे फार हळू, असं तुला वाटेल. शेवळंच बघ ना, पहिल्या पावसातली ती रानभाजी. आतल्या दांड्याच्या बुडाचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, काकडाच्या झाडाची आंबट फळं वाटून त्यांचा रस घालायचा, नाहीतर घसा खवखवून जीव नको होतो. हे कुणा एकाला एका पावसाळ्यात सुचलेलं नाही रे! कितीजणींचे घसे खवखवले असतील. आणि तू मला रात्री साडेनऊला विचारतोस, कांदा परतल्यावर!

रागावले, पण तू विचारलंस याचा आनंद आहे. मी तुझ्या वयात विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी ये. त्र्यंबकची पहिली एसटी पकड, मी स्टँडवर असेन. जाड पुठ्ठ्याची वही आण, मोबाइल खिशात राहू दे. आणि त्या ताटातल्या छत्र्या टाकल्यास की नाही, तेवढं आजच कळव.

तुझी,
बाई