मी त्या समाजाची नाही, मग हा विषय मी घ्यावा का?

ऑस्ट्रेलियात वाढलेली जी मराठी मुलेमुली मानव्यविद्यांकडे वळतात, त्यांच्यापैकी अनेकांकडून एक चिंता माझ्या कानी येते. इंडिजिनस स्टडीज, म्हणजे ऑस्ट्रेलियातील मूळनिवासी समाजांचा अभ्यास, हा विषय मनापासून आवडतो, ऑनर्सच्या वर्षात त्यातच प्रबंध लिहावासा वाटतो, पण आपण ना ॲबोरिजिनल, ना टोरेस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे तेथील या दोन मूळनिवासी समूहांपैकी कोणत्याच समूहाचे नाही. मग त्यांच्याविषयी लिहिण्याचा आपल्याला अधिकार काय? मेलबर्नमधील एका विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या संमतीने आणि ओळख पटू शकेल असे तपशील बदलून येथे देत आहे.

तिने तीन वर्षांची पदवी उत्तम गुणांनी मिळवली होती. तेथे ऑनर्स हे बहुधा पदवीनंतरचे वेगळे चौथे वर्ष असते आणि फेब्रुवारीअखेर ते ऑक्टोबर-नोव्हेंबर एवढ्या अवधीत काही अभ्यासक्रमांबरोबर साधारण 15 ते 20 हजार शब्दांचा प्रबंध पूर्ण करावा लागतो. एप्रिल उजाडला तरी तिचा प्रस्ताव विभागाकडे गेला नव्हता. वाचन अखंड चालू होते, टिपणे वाढत होती, मात्र लिहायला बसले की हात थांबत असे. वर्गातील चर्चेत एका ॲबोरिजिनल सहाध्यायाने ‘आमच्यावर इतकी वर्षे संशोधन झाले, त्यातून आमच्या हाती काय आले?’ असे विचारले होते. तो प्रश्न कोणा एकाला उद्देशून नव्हता, तरी हिने तो स्वतःवर घेतला. ‘काकू, त्याचं खरंच आहे, मग मी कशाला आणखी एक भर घालू?’ असे ती मला म्हणाली.

‘एवढे मनाला लावून घेऊ नकोस’ हे अशा वेळी ओठांवर येणारे वाक्य मी मुद्दाम टाळले, कारण तो प्रश्न निराधार नव्हता. संशोधनाच्या नावाखाली या समाजांच्या पूर्वजांच्या अस्थी ब्रिटनमधील आणि युरोपातील संग्रहालयांत नेण्यात आल्या आणि त्या परत आणण्याचे काम अजूनही चालू आहे. ज्यांना हे ठाऊक आहे, त्यांचा संशय आपल्या चांगल्या हेतूची ग्वाही देऊन फिटत नाही. मी तिला एवढेच सुचवले की ‘मी चांगली आहे का’ या प्रश्नाचे उत्तर कोणीच देऊ शकणार नाही. परंतु हे काम कोणत्या साधनांवर आणि कोणाला उत्तरदायी राहून करणार, हे कागदावर मांडता येते, तपासता येते आणि चुकले तर दुरुस्तही करता येते.

ते मांडायला बसल्यावर खरी अडचण दिसली. व्हिक्टोरिया राज्यातील एका समाजाच्या ज्येष्ठांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या भाषेच्या पुनरुज्जीवनावर लिहावे, असा तिचा बेत होता. त्या समाजात तिचा कोणाशीही परिचय नव्हता. असा परिचय आणि विश्वास जमायला वर्षे लागतात. शिवाय मुलाखतींच्या प्रस्तावाची विद्यापीठाच्या नैतिकता समितीत कसून छाननी होते आणि तिला महिने लागू शकतात. आठ-नऊ महिन्यांच्या वर्षात हे बसवायचे म्हणजे घाई करावी लागणार आणि त्या घाईचा भार त्या ज्येष्ठांवर पडणार. तिच्या संकोचात अपराधभावाइतकाच हा व्यवहारी अंदाजही होता, असे माझे मत आहे.

कॅनबेरातील एआयएटीएसआयएस या मूळनिवासी समाजांच्या अभ्यासाला वाहिलेल्या राष्ट्रीय संस्थेने 2020 मध्ये अशा संशोधनासाठी नीतिसंहिता प्रसिद्ध केली. स्वयंनिर्णय, मूळनिवासींचे नेतृत्व, कामाचा परिणाम व मूल्य, आणि शाश्वतता व उत्तरदायित्व ही तिची चार तत्त्वे आहेत. केवळ कागदपत्रांवर काम केले म्हणून या संहितेतून सुटका होत नाही, हे अनेक विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. आम्ही चारही तत्त्वांपुढे तिच्या बेताबद्दल प्रत्येकी दोन ओळी लिहिण्याचा प्रयत्न केला. नेतृत्वापुढची जागा कोरीच राहिली आणि तिने तो बेत स्वतःहून बाजूला ठेवला.

नवा विषय तिच्या घरातच सापडला. 14 ऑक्टोबर 2023 च्या सार्वमतात मूळनिवासींच्या ‘व्हॉइस’चा, म्हणजे त्यांच्याशी संबंधित बाबींवर संसदेला व सरकारला सल्ला देणारे मंडळ राज्यघटनेत आणण्याचा, प्रस्ताव सहाही राज्यांत नाकारला गेला. त्याआधीचे काही आठवडे कुटुंबाच्या ओळखीतले लोक ‘हे नेमके कशाबद्दल आहे?’ असे तिलाच विचारत होते. ही मंडळी नागरिकत्वाची परीक्षा उत्तीर्ण झालेली होती. ही परीक्षा 2007 पासून घेतली जाते. तिच्यात 20 प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी 75 टक्के गुण लागतात. तिच्यासाठी सरकार जी पुस्तिका देते, तिच्यात परीक्षेला असलेला आणि नसलेला असे दोन भाग आहेत. सरकारी धोरणांखाली आईवडिलांपासून हिरावून नेलेल्या मूळनिवासी मुलांच्या पिढ्या आणि त्याबद्दल 2008 मध्ये पंतप्रधानांनी संसदेत मागितलेली राष्ट्रीय माफी यांची हकीकत दुसऱ्या भागात येते. ज्याला फक्त परीक्षा द्यायची आहे, तो माणूस ती पाने वगळू शकतो. नव्या नागरिकाने या इतिहासातले किती जाणावे असे सरकारला वाटते, हा तिचा प्रश्न ठरला. त्यात अभ्यासाचा विषय झाले ते सरकार आणि आपण स्थलांतरित. कोणा ॲबोरिजिनल कुटुंबाचे दार ठोठावण्याची गरज उरली नाही. विभागातील एका ॲबोरिजिनल प्राध्यापिकेने सहमार्गदर्शक होण्यास होकार दिला. ते काम त्यांच्या नोकरीचाच भाग होते, म्हणून ते उपकार म्हणून मागावे लागले नाही. वर्गातल्या त्या सहाध्यायाला मसुदा वाचायला द्यावा का, असे तिने विचारले, तेव्हा मी नको म्हटले. असे फुकटचे वाचन या विद्यार्थ्यांच्या गळ्यात सतत पडत असते.

तिच्या वडिलांची काळजी पोटापाण्याची होती आणि तीही रास्त होती. ऑनर्समध्ये प्रथम वर्ग मिळाला तर एमए न करता थेट पीएचडीसाठी अर्ज करता येतो आणि शिष्यवृत्तीची शक्यताही असते, हे मी त्यांना सांगितले. त्याचबरोबर या क्षेत्रातील काही पदे मूळनिवासी उमेदवारांसाठीच असतात आणि ती तशी असावीत, हेही सांगितले. त्यांना ते फारसे रुचले नाही. तिने पुस्तिकेच्या जुन्या आवृत्त्या मागितल्यावर मात्र त्यांनी स्वतःची, परीक्षेच्या वेळी रेघोट्या मारलेली प्रत काढून दिली. त्या रेघोट्या फक्त पहिल्या भागात होत्या, असे तिने मला कळवले आणि ही बाब प्रबंधात घेण्यासाठी वडिलांची लेखी संमती लागेल का, असे विचारले. मी तिला मार्गदर्शकांकडे पाठवले. त्यांनी संमती घ्यायला सांगितली.