ऑटिझम पण आणि एडीएचडी पण?

प्रश्न: मुलगा सात वर्षांचा आहे, सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं, शाळा म्हणते एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अति चंचलपणा). डॉक्टर म्हणाले एकच असतं, दोन्ही नाही. प्रायव्हेटचा खर्च झेपत नाही, काय करू?

उत्तर: ताई, दोन्ही एकत्र असू शकतं. २०१३ च्या आधी डीएसएममध्ये, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, दोन्ही निदानं एकदम देता यायची नाहीत, काही जण अजून त्यातच अडकलेत. तुम्ही जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) कुठे आहे ते विचारा, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतं, अठरा वर्षांपर्यंत फ्री, आणि त्यांच्या यादीत ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहेत. जाताना शाळेकडून लेखी घ्या की वर्गात नेमकं काय होतं, आणि दोन्हीची तपासणी करा असं स्पष्ट म्हणा, नाहीतर एका कागदावर बोळवण होते. मेडिकल कॉलेजचा सायकियाट्री विभाग हा दुसरा रस्ता, रांग मात्र मोठी.

एक गोम आहे बरं का, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी नाही, म्हणजे यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) ऑटिझमवरच मिळेल. मला हे पटत नाही, पण सध्या असंच आहे. थेरपी मात्र सर्टिफिकेटसाठी थांबवू नका.