आईवडिलांना घेऊन नाईल क्रूझला जायचंय. कोणत्या चुका टाळाव्यात?

डिसेंबरात आईवडिलांना घेऊन इजिप्तला जायचंय, लक्झर ते अस्वान चार रात्रींची क्रूझ बघताय, काय चुकतं ते आधीच कळावं आणि यापेक्षा युरोपातल्या ऱ्हाईन नदीवरची क्रूझ बरी का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही दोन वर्षांपूर्वी जानेवारीत जाऊन आलो. मी, बायको आणि सत्तरी ओलांडलेली आई. चुका भरपूर केल्या, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर द्यायला मी लायक माणूस आहे.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो. चार रात्रींची क्रूझ म्हटलं की आपण धरून चालतो, चार दिवस बोट चालणार आणि आपण डेकवर पाय पसरून काठ बघत बसणार. तसं नसतं. लक्झर ते अस्वान अंतर दोनशे किलोमीटरच्या जरासं वर, आमच्या कराडहून पुण्याला जाण्यापेक्षा थोडं जास्त. पहिली रात्र बोट लक्झरच्या धक्क्यालाच बांधलेली, शेवटची अस्वानच्या. मधल्या वेळातही बराचसा पल्ला अंधारात कापला जातो. उजेडात नदीवरून जाणं होतं ते दोनदाच: लक्झरहून एस्नाकडे जाताना एक दुपार, आणि एडफूहून कोम ओम्बोला जाताना सकाळ ते दुपार (ही सगळी वाटेतली काठावरची गावं). पैसे भरले ते खरं तर या दोन तुकड्यांसाठी. बाकीची देवळं काय, गाडीनेही बघता येतात.

यातली पहिली दुपार आम्ही दोघांनी झोपून घालवली. त्या दिवशी पहाटे उठून बलूनमध्ये बसलो, तिथून थेट राजांच्या खोऱ्यातली थडगी, मग हत्शेप्सूत राणीचं देऊळ, आणि उन्हातून परत आल्यावर बुफेवर ताव. अंथरुणाला पाठ लागली ती सूर्य मावळेपर्यंत. जाग आली ती बाहेरच्या आरडाओरड्याने. डेकवर जाऊन बघतो तर आई कठड्याशी उभी राहून घासाघीस करतेय. खाली होडीत दोन पोरं. एस्नापाशी मोठ्या बोटी लॉकसाठी (बंधाऱ्याजवळचा बोट वर चढवणारा हौद, पुढे सांगतोच) रांगेत थांबतात, तेव्हा हे विक्रेते छोट्या होड्या घेऊन बोटीला चिकटतात आणि शाली, टेबलक्लॉथ, ते लांब गलाबिया झगे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ वर डेकवर फेकतात. पसंत पडलं तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे, नाही तर माल परत. आई मराठीत भाव सांगत होती, ते अरबी आणि मोडक्या हिंदीत, आणि व्यवहार अगदी नीट चालला होता. तिने बलूनला यायचं नाकारलं होतं, त्यामुळे दुपारभर ती एकटीच डेकवर होती आणि आमच्या दुप्पट तिने बघितलं होतं.

एस्नाचं लॉक मात्र आम्हाला मिळालं. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणजे अस्वानकडे जाणं हे प्रवाहाविरुद्ध वर चढणं. एस्नाला बंधारा आहे (जुना १९०८ सालचा, आता त्याच्या जोडीला नवाही आहे). त्याच्या खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात जायला बोट एका लांबट हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, हौद भरत जातो आणि बोट लिफ्टसारखी वर उचलली जाते. भिंत इतकी जवळ की हात लावता येईल. वडिलांना अशा गोष्टींची हौस असेल तर रात्रीचे बारा वाजले तरी त्यांना उठवा.

दुसऱ्या दिवशी शहाणपण आलं. एडफूचं देऊळ सकाळी लवकर उरकलं आणि आम्ही तिघंही डेकवर ठाण मांडून बसलो. आधी खजुराची झाडं, मग केळी, मग ऊस. नुसता ऊसच ऊस. गाढवावर वाढं लादून चाललेला माणूस, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी. कृष्णाकाठी आयुष्य गेलेल्या बाईला हे दाखवायला एवढे पैसे खर्च केले का, असं मला वाटून गेलं, पण आईचा चेहरा बघण्यासारखा होता. "तोडणी सुरू झालीय बघ यांची," म्हणाली. पुढे एका ठिकाणी दोन्ही बाजूंचे डोंगर एकदम जवळ येतात आणि नदी अरुंद होते. ते जबल अस्-सिलसिला. सिलसिला म्हणजे साखळी, शब्द आपल्याही कानावरचा. कर्नाकच्या आणि एडफूच्या देवळांचा वालुकाश्म इथल्याच खाणींतला. दगड कापल्याच्या सरळ भिंती बोटीतूनही दिसतात. मोठ्या बोटी तिथे थांबत नाहीत, दहाबिया नावाच्या शिडाच्या लहान बोटी थांबतात. तुमच्या गाईडला आदल्या रात्रीच विचारून ठेवा की सिलसिला साधारण किती वाजता येईल. आमच्या बोटीवरचे निम्मे लोक तेव्हा जेवणाच्या रांगेत होते.

आता खोलीबद्दल. बाल्कनीसाठी जादा पैसे मोजायचे असतील तर एक गोष्ट लक्षात घेऊन मोजा. धक्क्यावर जागा कमी आणि बोटी फार, त्यामुळे बोटी एकीला एक खेटून उभ्या करतात, कधी चार, कधी पाच. काठावर जायचं म्हणजे दुसऱ्यांच्या तीन रिसेप्शनमधून चालत जायचं. आणि खिडकीचा पडदा सारला की समोर नदी नाही, हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीतल्या खोलीत दात घासणारा गृहस्थ. डाव्या बाजूची खोली घ्यावी की उजव्या, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. सोडा तो वाद. चालत्या बोटीत डेकवरून दोन्ही काठ दिसतात. खोली मागल्या टोकाला, इंजिनाजवळ नको आणि सगळ्यात खालच्या मजल्यावर नको, एवढं बघा.

या खेटून उभं राहण्यातून आमची एक फजिती झाली. लक्झरच्या बाजारातून रात्री परत आलो तर आमची बोट जागेवर नाही! आतली एखादी बोट सुटायची असली की बाहेरच्या सगळ्या हलतात आणि नव्या क्रमाने लागतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आई धक्क्यावर बसून रामरक्षा म्हणायला लागली. अर्ध्या तासाने बोट शंभरेक पावलांवर सापडली. उतरताना बोटीचं कार्ड देतात, ते प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळं ठेवा, आणि बोटीच्या नावाचा फोटो काढून ठेवा. सगळ्या बोटी दिसायला सारख्याच असतात.

नावावरून आठवलं. आमच्या ट्रॅव्हल कंपनीने एका बोटीचे फोटो दाखवले आणि चढवलं दुसऱ्याच बोटीत. कागदावर बारीक अक्षरात 'अथवा तत्सम' असं होतं, म्हणजे भांडायलाही जागा नाही. पैसे भरण्याआधी बोटीचं नाव लेखी मागा. फाइव्ह स्टार या शब्दावर जाऊ नका, त्याऐवजी साधे प्रश्न विचारा. लिफ्ट आहे का? आमच्या बोटीला नव्हती, आणि जेवणघर तळाला, खोली तिसऱ्या मजल्यावर, डेक त्याच्यावर. शिवाय धक्क्यावरून रस्त्यापर्यंत काही ठिकाणी चांगला जिना चढावा लागतो आणि मधल्या फळ्या हलतात. वडिलांचे गुडघे कुरकुरत असतील तर काठी न्यायला लाजू नका.

अबू सिंबेल, म्हणजे अस्वानच्याही पुढची दोन जुनी देवळं, हा वेगळा विषय आहे, आणि तिथे आम्ही दुसरी मोठी चूक केली. ते बघायलाच हवं, यात वाद नाही. अस्वानचं मोठं धरण झालं तेव्हा ही दोन्ही देवळं नासर सरोवरात बुडणार होती. १९६४ ते १९६८ या काळात ती कापून, तुकड्यातुकड्याने सुमारे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जुळवली. पण अस्वानहून ते जवळपास २८० किलोमीटरवर, वाळवंटातून जाऊन येऊन सहा-सात तास बसमध्ये. पहाटे चारला निघतात. आम्ही ते शेवटच्या दिवशी ठेवलं, दुपारी परत, लगेच सामान उचलून संध्याकाळचं कैरोचं विमान. आई कैरोत दोन दिवस हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडली नाही. पिरॅमिड बघितले ते परत निघायच्या दिवशी, घाईघाईत. तुम्ही अस्वानला बोट सोडल्यावर एक रात्र हॉटेलात काढा, किंवा अबू सिंबेलला विमानाने जा. वयस्क माणसं सोबत असताना हा खर्च वाचवू नका. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या दोन दिवशी सूर्यकिरणं थेट गाभाऱ्यात जातात, तेव्हा मुंगी शिरायला जागा नसते. डिसेंबरात तो प्रश्न नाही.

कपडे: वाळवंट म्हणजे ऊन, असं समजून आम्ही सुती कपडे भरले. दुपारी ते ठीक होते. पहाटे डेकवर मात्र दात वाजायला लागले. डिसेंबर-जानेवारीत लक्झरला पहाटेचं तापमान एक आकडी असतं. स्वेटर, कानटोपी, आईसाठी पायमोजे.

बक्षीस हा शब्द आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगला ऐकू येतो, तिथे दिवसातून वीस वेळा. मूळ फारसी शब्द तोच, अर्थ मात्र हातावर काहीतरी टेकवा. स्वच्छतागृहाबाहेर कागद देणारा, बॅग दोन पावलं उचलणारा, आणि देवळातला रखवालदार, जो बोटाने खूण करून तुम्हाला दोरीपलीकडच्या कोपऱ्यात नेतो, 'फोटो, फोटो' म्हणतो आणि मग हात पुढे करतो. त्याच्या मागे जायचंच नाही. सुट्ट्या इजिप्शियन नोटांची वेगळी थैली ठेवा, मोठी नोट दिली की सुटे मिळत नाहीत. बोटीवरच्या लोकांसाठी शेवटच्या रात्री पाकीट देतात, ती रक्कम किती अपेक्षित आहे हे गाईडला पहिल्याच दिवशी विचारा म्हणजे शेवटी तोंडं वाकडी होत नाहीत. एडफूला धक्क्यावरून देवळापर्यंत टांगे असतात. भाव आधी ठरवा आणि उतरल्यावरच पैसे द्या. आमच्या टांगेवाल्याने वाटभर 'अमिताभ बच्चन' केलं आणि शेवटी ठरल्याच्या दुप्पट मागितले. घोड्यांची अवस्था बघवत नसेल तर गाईडला गाडीची सोय करायला सांगा, होते.

तुम्ही शाकाहारी आहात का, लिहिलेलं नाही. असाल तर 'व्हेज' म्हणून भागत नाही, सूपमध्ये कोंबडीचं पाणी असू शकतं. लहमा म्हणजे मांस, फिराख म्हणजे कोंबडी, समक म्हणजे मासा. हे तीन शब्द पाठ करा आणि पहिल्या जेवणालाच आचाऱ्याला गाठा. मसुराचं सूप, फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्याची उसळ, तामिया नावाची वडी आणि पोळीसारखा बलदी पाव यावर चार दिवस मजेत जातात. आईने मेतकूट नेलं होतं, ते कुठल्याशा दह्यात कालवून तिने शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही खिलवलं. पाणी बाटलीतलंच, दात घासायलाही. आणि चहा काळा येतो. 'शाय बि लबन' म्हणा, दूध येईल.

कोम ओम्बोचं देऊळ धक्क्याला लागूनच आहे, संध्याकाळी दिवे लागल्यावर जातात, चालावं लागत नाही. तिथला देव सोबेक, मगरीच्या तोंडाचा, आणि शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी ठेवल्यात. त्या बघून आईने रात्री डेकवर पाण्याजवळ बसायला साफ नकार दिला. मगरी आता धरणाच्या वर, नासर सरोवरात राहतात, खाली उतरत नाहीत, हे गाईडने तीनदा सांगूनही उपयोग झाला नाही.

राहिली ऱ्हाईन. माझे मेहुणे गेले होते, उन्हाळ्याच्या शेवटी. पाणी इतकं उतरलं की दोन दिवस बोटीऐवजी बसने फिरवलं आणि पलीकडे दुसऱ्या बोटीत चढवलं. तिकडे हे अधूनमधून होतंच. ऑक्टोबर २०१८मध्ये ऱ्हाईनकाठच्या कौब गावच्या मापपट्टीवर पाणी २५ सेंटिमीटरला टेकलं होतं. उलट पूर आला तर बोट पुलाखालून जात नाही. नाईलचं तसं नाही. १९७० साली अस्वानचं मोठं धरण पूर्ण झाल्यापासून खालचं पाणी माणसाच्या हातात आहे, पूरही नाही आणि एकदम ओहोटही नाही. डिसेंबरात आईवडिलांना न्यायचं तर मी डोळे मिटून नाईल म्हणेन. फक्त एस्नाचं लॉक दुरुस्तीसाठी काही दिवस बंद ठेवतात, तेव्हा इथेही बस नशिबी येते. तारखा पक्क्या करण्याआधी तेवढं विचारून घ्या.