स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन बनवायच्या टूलमध्ये सेंडमेलची लिंक होत नाही, नुसतं कोडसारखं दिसतं, काय करू?

बहुतेक वेळा नावच अर्धवट दिलेलं असतं. पायथनमध्ये सेंडमेल हे सुटं फंक्शन नाहीये, ते मेल पाठवायच्या एसएमटीपीलिब मॉड्यूलमधल्या एसएमटीपी क्लासची मेथड आहे, त्यामुळे दुसऱ्या पानावरून नुसतं सेंडमेल लिहिलं तर स्फिंक्सला ते सापडत नाही आणि तो गपचूप लिंकशिवाय छापून मोकळा होतो, एररही नाही! मॉड्यूल, क्लास, मेथड असं पूर्ण नाव टिंब देऊन लिहा. लांबलचक दिसतंय वाटलं तर नावाच्या अगदी सुरुवातीला टिल्डचं (~) चिन्ह लावा, मग वाचणाऱ्याला शेवटचा शब्दच दिसतो पण लिंक बरोबर जाते.

अंडरस्कोअर पण नीट बघा हं, जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधल्या फंक्शनमध्ये सेंड आणि मेल यांच्या मध्ये अंडरस्कोअर आहे, एसएमटीपीलिबच्या मेथडमध्ये नाही, आणि हे डोळ्यांना पटकन दिसतच नाही. तुमचे डॉक्स वेगळ्या प्रोजेक्टचे असतील तर पायथनच्या डॉक्सकडे लिंक जायला इंटरस्फिंक्स हे स्फिंक्सचं एक्स्टेंशन चालू करावंच लागेल.

आणि प्लीज, डॉक्स बिल्ड करताना कमांडमध्ये मायनस एन (-n) हा पर्याय लावाच, तुटलेला प्रत्येक रेफरन्स वॉर्निंगमध्ये फाइल आणि ओळ नंबरसकट दिसतो. मेल जात नाही म्हणून वैतागून डॉक्स उघडणाऱ्याला तिथे लिंक मिळायलाच हवी.