रोज पन्नास इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ करतो, आठवड्यात विसरतो. बँकेच्या परीक्षेसाठी अवघड शब्द लक्षात कसे ठेवायचे?

विसरता यात तुमचा काही दोष नाही, दोष यादीचा आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी अर्थ, आणि मधे पाठांतर. हा प्रकार मला कधीच पटला नाही आणि यावरून आमच्या दाजींशी माझं दर दिवाळीला वाजतं. मीही बँकेचीच परीक्षा देऊन कृषी अधिकारी झालो. मराठी शाळेतला. माझं इंग्रजी कुठल्या यादीतून आलं नाही, कीटकनाशकांच्या बाटल्यांवरून आलं. हसायचं तर हसा.

परभणी जिल्ह्यात मानवतला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. गावात त्याला औषधाचं दुकानच म्हणतात. शाळा सुटली की मी गल्ल्यावर. हंगाम नसला की गिऱ्हाईक नाही, मग हाताला लागेल ते वाचायचं. प्रत्येक बाटलीसोबत घडीचा एक कागद येतो, भिंग घेऊन वाचावा असा. त्यावर एकच मजकूर इंग्रजीत, हिंदीत, मराठीत. 'सिस्टेमिक' म्हणजे आंतरप्रवाही, 'काँटॅक्ट' म्हणजे स्पर्शजन्य, 'अँटिडोट' म्हणजे उतारा. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग तर कुणालाही कळतो: लाल म्हणजे एक्स्ट्रीमली टॉक्सिक, पिवळा हायली, निळा मॉडरेटली, हिरवा स्लाइटली. यादीत या चारांपुढं 'अत्यंत', 'खूप', 'मध्यम', 'किंचित' लिहिलेलं असतं आणि परीक्षेत पोरं पहिल्या दोघांत अडकतात. मी नाही अडकलो. मोनोची, म्हणजे मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची, लाल त्रिकोणाची बाटली डोळ्यासमोर यायची.

एका पावसाळ्यात अण्णा माल आणायला परभणीला गेलेले. एक शेतकरी आले, नात्यातले नाहीत पण आम्ही त्यांना मामाच म्हणतो. "सोयाबीनमधी तण लई झालंय, ग्लायफोसेट दे." शेजाऱ्यानं बांधावर मारलं होतं, गवताची काडी राहिली नव्हती, म्हणून यांनाही तेच पाहिजे. कागदावर 'नॉन-सिलेक्टिव्ह' छापलेलं. मी म्हणलं, "मामा, यानं तण जाईल, पण सोयाबीन बी जाईल." मामा भडकले. "काल चड्डीत होतास, आज मला शिकवतू? पैसे घे अन् बाटली दे." मी कागद उलगडून पुढं केला. शिफारस चहाच्या मळ्यासाठी आणि बिनपिकाच्या जागेसाठी. "चहा पेरलाय का तुम्ही?" यावर ते गप झाले. मग मी इमाझेथापायर काढून दिलं. ते सोयाबीनमध्ये चालतं, उगवणीनंतर मारायचं, कागदावरच्या भाषेत पोस्ट-इमर्जन्स. पेंडिमेथालिन त्याच्या उलट, प्री-इमर्जन्स, पेरलं की उगवण्याआधी मारायचं. मामा पुटपुटत गेले. पुढच्या हंगामापासून मात्र दुकानात आले की आधी विचारायचे, "पोरगं कुठंय?"

आता सांगा, 'सिलेक्टिव्ह' आणि 'इमर्ज' मला परत पाठ करायची काय गरज होती? 'इन्ड्यूस'चंही तसंच. यादीत त्याचा अर्थ 'प्रवृत्त करणे' असा असतो. मी तो पहिल्यांदा पाहिला 'डू नॉट इन्ड्यूस व्हॉमिटिंग' या ओळीत. यादीवाला पोरगा उलटीला कशी काय प्रवृत्त करणार, याच विचारात बसेल. शब्द कुणाबरोबर उठतो-बसतो ते कळलं पाहिजे, नुसता अर्थ कळून रिकामी जागा भरता येत नाही.

पदवीनंतर संभाजीनगरला बँकिंगचा क्लास लावला. तिथले सर रोज यादी लिहून द्यायचे. एकदा त्यांनी 'इन्फँटिसाइड' विचारला. मी सांगितलं, बाळाला मारणं. इन्सेक्टिसाइड किडीला मारतं, हर्बिसाइड तणाला, फंगिसाइड बुरशीला, मग हे कुणाला मारणार? कुठल्या पुस्तकातून पाठ केलं, सरांनी विचारलं. दुकानातून, म्हणलं. "बघा रे, फवारणीवाल्याचं इंग्रजी!" सगळा वर्ग हसला आणि क्लास संपेपर्यंत माझं नाव 'फवारणी' पडलं. तो राग अजून आहे, लपवत नाही.

दाजींचं म्हणणं तेच, जरा कोट घालून. ते पुण्यात असतात. "वापरातले शब्द वेगळे आणि हाय लेव्हल व्होकॅब्युलरी वेगळी, ती यादीशिवाय येत नाही." भाच्याकडून त्यांनी 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' पाठ करून घेतलाय. लग्नात तो म्हणून दाखवतो, आत्या-माम्या टाळ्या वाजवतात. कोणत्या पेपरात येतो हा शब्द? परदेशात पुढं शिकायला जाणारे देतात त्या जीआरईसारख्या परीक्षेनंही विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न २०११ मध्ये काढून टाकले. आणि यादीच पाहिजे असेल तर दाजी, ॲव्हरिल कॉक्सहेड या न्यूझीलंडच्या बाईंची घ्या. शैक्षणिक लिखाणात वारंवार कोणते शब्द येतात ते मोजून त्यांनी २००० साली ५७० शब्दकुटुंबांची (एक शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब) यादी केली. त्यात सिलेक्ट आहे, इमर्ज आहे, इन्ड्यूस आहे. आमच्या घडीच्या कागदावरचे तिन्ही.

तुमचा प्रश्न विसरण्याचा होता. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून स्वतःवर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते छापले. ती पहिल्या काही तासांतच भराभर पुसली गेली. सुटा शब्दही डोक्याला तसाच, बिनअर्थाचा. म्हणून पन्नास सोडा, चार-पाच घ्या, पण ज्या वाक्यात भेटले त्या वाक्यासकट वहीत उतरवा. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्यानं अर्थ झाकून वाक्य बघा. वाक्य तुमच्या कामातलं असू द्या. घरात ट्रॅक्टरचं कर्ज असेल तर त्याचं मंजुरीपत्र काढा, हायपोथिकेशन, मोरॅटोरियम, कोलॅटरल, सगळे एका पानावर भेटतील.

एक सांगायचं राहिलं. मुळावरून अर्थ लावण्याची माझी युक्ती दर वेळी चालत नाही. 'कोइन्साइड'मध्ये कुणी कुणाला मारत नाही, त्याचं लॅटिन मूळ पडण्याचं आहे. 'डिसाइड' मात्र त्याच कापण्या-मारण्याच्या घरातला. म्हणजे अंदाज करा, पण शब्दकोश उघडून खात्री करा.

आणि परीक्षा महिन्यावर आली असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. आयबीपीएसच्या क्लार्क आणि पीओच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे तीस प्रश्न, वीस मिनिटं. मागचे पेपर घड्याळ लावून सोडवा आणि अडलेले शब्द तेवढे उतरवा. दाजी, हे भाच्यासाठी नाही. तो आठवीत आहे, त्याला सुट्टीत मानवतला पाठवा.