कविता, इतिहास, तत्त्वज्ञान वाचून माणसाचं जगणं खरंच कळतं का?

तुम्ही विचारलंय, हे सगळं वाचून जगणं कळतं की नुसता वेळ बरा जातो? मी यावल तालुक्यात केळी लावणारा शेतकरी. घरातलंच सांगतो.

वडील २०११ साली गेले. आई आधीच गेलेली. वारस लागले आणि वर्षाच्या आत दोन्ही बहिणींनी हक्कसोड करून दिली, म्हणजे सही करून जमिनीतला आपला वाटा माझ्यासाठी सोडला. आमच्याकडे बहुतेक बहिणी देतात. प्रेमानं देतात, अशी माझी पक्की समजूत. सातबाऱ्यावर त्यांची नावं कंसात गेली, म्हणजे कमी झाली, आणि सगळे एका पंगतीत जेवलो.

पुढे एकदा माझी मुलगी बहिणाबाईंची माहेराची कविता मोठ्यानं म्हणत होती. असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या १९५१ साली गेल्या, गाणी पुस्तकात आली १९५२ साली. त्या कवितेत योगी विचारतो, माहेर इतकं गोड तर सासरी का नांदतेस? ती सांगते, माझ्या लेकीला माहेर असावं म्हणून. कितीदा ऐकलेलं! त्या दिवशी मात्र अडकलो. आई गेल्यावर बहिणींचं माहेर कोणाच्या हातात? माझ्याच.

मग जुने फेरफार, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, काढले. वि. का. राजवाड्यांनी गावोगावच्या वाड्यांमधली दप्तरं धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापली, १९२६ साली ते धुळ्यातच वारले. म्हणून घरचा कागदही इतिहासासारखा वाचायचं सुचलं. पणजोबांच्या फेरफारात मुलींची नावंच नाहीत. १९५६च्या कायद्यानं मुलगी वडिलांच्या वाट्यात वारस झाली, २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मापासून मुलाइतका हक्क आला. आमच्या दप्तरात बाईचं नाव आधी नव्हतंच, मग लागलं, आणि लगेच कंसात गेलं. ज्याला मी बहिणींचा स्वभाव समजत होतो, ती आमच्या घराण्याची सवय निघाली.

राहिला विचार. अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञानाची संस्था काढली ती प्रताप शेठ या गिरणीमालकानं, त्यामुळे हा रिकाम्या माणसाचा उद्योग असं मी म्हणणार नाही. मला त्यातला एकच प्रश्न पुरला: नाही म्हणायची सोय नसेल, तर हो म्हणण्याला संमती म्हणायचं का?

उत्तर पुस्तकात नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मोठी बहीण माहेरी आली. झोका बांधताना मी तिला विचारलं, "ताई, सही मनापासून केली होती का?"

तिनं दोरीची गाठ ओढून पाहिली. म्हणाली, "नाही म्हटलं असतं त आज आखाजीले कुठे आली असती रे भाऊ?"

धाकटीला अजून विचारलेलं नाही. वकिलाकडे मात्र जाऊन आलो, दोघींच्या नावानं जमीन परत कशी करता येईल ते विचारायला.